पाच मिलिमीटरांत मावेल तेवढंच

पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल नावाचं गाव आहे. त्या गावातून लेटॉर्ट नावाचा ओढा वाहतो. चुनखडीच्या थरांमधून झिरपून वर आलेलं त्याचं पाणी उन्हाळ्यात थंड राहतं, हिवाळ्यात गोठत नाही, आणि इतकं नितळ असतं की तळाशी डोलणाऱ्या पाणवनस्पती काठावरून दिसतात. गेल्या शतकाच्या मध्याला व्हिन्सेंट मारिनारो आणि चार्ल्स फॉक्स हे दोघे मित्र इथे ट्राउट पकडायला येत. भर उन्हाळ्यात त्यांना एक कोडं पडायचं. मोठमोठे मासे पृष्ठभागाशी येऊन शांतपणे काहीतरी टिपत असत, आणि पाण्यावर मात्र काहीच दिसत नसे. पेटीतली एकही नकली माशी त्या माशांना पसंत पडत नसे. शेवटी मारिनारो काठावर पालथे पडले, डोळे पाण्याच्या अगदी लगत नेले, आणि त्यांना दिसलं की पाणी रिकामं नाहीच. काठच्या गवतातून पडलेल्या बारीक मुंग्या, इवलाले भुंगेरे आणि तुडतुडे प्रवाहाबरोबर वाहत चालले होते.

तुडतुडे म्हणजे कापसाच्या नाहीतर भाताच्या पानाला धक्का लागला की तिरके उडणारे, आपल्या शेतकऱ्यांना नको इतके परिचित असलेले तेच कीटक. लांबी काही मिलिमीटर. एवढ्याशा जिवांवर हातभर लांबीचे मासे जगत होते! मारिनारोंनी त्या कीटकाची प्रतिकृती बांधली आणि तुडतुड्यांच्या कुळावरून तिचं नाव ठेवलं जॅसिड. १९५० साली आलेल्या त्यांच्या ‘अ मॉडर्न ड्राय-फ्लाय कोड’ या पुस्तकात हा सगळा शोध आहे. ट्राउटच्या मासेमारीत लहानात लहान कीटकांकडे गांभीर्यानं बघायला शिकवणारं ते पुस्तक.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ किंवा कणीक लावत नाहीत. गळाच्या दांडीवरच पिसं, लोकर, दोरा, तार बांधून कीटकाचा आभास निर्माण करतात. या नकली माशीला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून ती फेकता येत नाही. फेकायची असते ती जाड, वजनदार दोरी, आणि तिच्या टोकाच्या पारदर्शक बारीक धाग्याला बांधलेली माशी तिच्यामागून जाऊन अलगद पाण्यावर उतरते. ही कला जुनी आहे. साधारण इसवी सन २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकानं मॅसेडोनियातल्या लोकांचं वर्णन करून ठेवलंय: ते गळाभोवती लाल लोकर गुंडाळत आणि वर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधत. लोकर आणि दोन पिसं, बस्स. त्यानंतरच्या अठराशे वर्षांत या यादीत शेकडो वस्तूंची भर पडली, पण माशी लहान होत गेली की बांधणारा फिरून त्या दोन वस्तूंच्या आसपासच येतो. हे असं का होतं, हाच या लेखाचा विषय.

आधी मापं बघू. गळांचे क्रमांक उलटे चालतात. आकडा वाढला की गळ लहान. नेहमीची माशी १२ किंवा १४ क्रमांकाच्या गळावर बांधतात. ‘लहान’ हा शब्द साधारण १८ पासून लागू होतो. २० क्रमांकाच्या गळाची दांडी जेमतेम पाच मिलिमीटर, २४ ची त्याहून कमी, आणि बाजारात ३२ क्रमांकापर्यंतचे गळ मिळतात. एवढ्या जागेत शेपूट, पोट, छाती, पाय, पंख आणि शेवटी दोऱ्याची गाठ बसवायची. शिवाय दोन गोष्टी मोकळ्या राहिल्या पाहिजेत: धागा ओवायचं नेढं, आणि दांडी व टोक यांच्यामधली फट. बावीस क्रमांकाच्या गळाला ही फट दोनेक मिलिमीटरची असते. पोट जाड झालं आणि फट भरली, की माशी कितीही देखणी असो, मासा तोंडात घेईल आणि तशीच सोडून देईल.

इथे नवशिक्याची जी फसगत होते तिचं मूळ एका साध्या गोष्टीत आहे. गळ लहान होतो, पण साहित्य लहान होत नाही. पिसाचा कणा जेवढा जाड तेवढाच राहतो, दोरा तेवढाच, केस तेवढाच. बाहुलीला नऊवारी नेसवायला जावं तसं होतं. लुगड्यात दोष नसतो, निऱ्या कुठे खोचणार हा प्रश्न असतो. म्हणून चौदा नंबरची उत्तम माशी घेऊन, तेच साहित्य, तीच कृती वापरून तिची बावीस नंबरची आवृत्ती काढता येत नाही. लहान माशी वेगळ्या विचारानं घडवावी लागते. एकेका वस्तूला विचारावं लागतं: तू किती जागा घेणार, आणि त्या बदल्यात किती कामं करणार?

दोऱ्यापासून सुरुवात करावी, कारण लहान माशीत दोरा हेच अर्धं शरीर असतं. दोऱ्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात. इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागांवर हा शब्द रोजचा आहे: ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये जे वजन, ते त्याचं डेनियर. माशा बांधायला सर्रास वापरतात तो नायलॉनचा दोरा ७० डेनियरचा. हिशेब केला तर गोल धरल्यास त्याची जाडी मिलिमीटरचा साधारण दहावा भाग येते. ऐकायला नगण्य. पण बावीस नंबरच्या गळाची तारच मुळी पाव मिलिमीटरच्या आसपास असते. तिच्यावर दोऱ्याचा एक थर दिला की दोन्ही बाजूंनी मिळून जाडी जवळजवळ दुप्पट होते, आणि दुसऱ्या थराला ती अडीचपटीच्या वर जाते. खऱ्या चिलटाचं पोट एवढंच असतं! म्हणजे दोऱ्याचे दोन थर झाले की पोट तयार. वर लोकर, तार, पीस काहीही गुंडाळायची सोय उरलेली नसते. म्हणून अनुभवी माणूस ३० किंवा ५० डेनियरचा दोरा घेतो, आणि दोऱ्याचा रंगच पोटाचा रंग म्हणून निवडतो.

दोऱ्याचा पीळ हीसुद्धा एक किल्ली आहे. बांधताना दोऱ्याचं बॉबिन लोंबकळत असतं. ते पिळाच्या उलट फिरवलं की दोऱ्यातले तंतू सुटे होऊन तो फितीसारखा चपटा पसरतो, आणि थर पातळ बसतो. पिळाच्या दिशेनं फिरवलं की दोरा गोल, कडक होतो, आणि त्याच दोऱ्यानं पोटावरची वळ्या-वळ्यांची नक्षी उमटवता येते. एकच दोरा, फक्त बोटांच्या फिरवण्यानं दोन साहित्यांचं काम करतो. मजबुती हवी तर जेलस्पन पॉलिथिनचा दोरा आहे. तो इतका चिवट की गळ वाकेल पण दोरा तुटणार नाही, आणि पाण्याहून हलका. मात्र तो गुळगुळीत असतो आणि रंग धरत नाही. रंग जिथे महत्त्वाचा तिथे रेशमाला अजून तोड नाही. इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये रेशमी पोट आणि तित्तिराच्या किंवा पाणलाव्याच्या पिसाचा एखाददुसरा वेढा एवढ्यावरच माशा बांधायची परंपरा आहे, टी. ई. प्रिट यांनी १८८५ साली त्या माशांचं पुस्तक केलं. मेण लावलेलं पिवळं रेशीम ओलं झालं की त्याची छटा गडद, हिरवट होते. तिथले लोक रेशीम निवडताना कोरडा रंग बघत नाहीत, भिजल्यावरचा बघतात. मला विचाराल तर साहित्य निवडीचा याहून शहाणा नियम सापडणं अवघड आहे.

आता पाण्याकडे येऊ. इथे गोष्ट खरोखर अद्भुत होते.

पाण्याच्या पृष्ठभागावरचे रेणू एकमेकांना धरून असतात, त्यामुळे वरचा थर ताणलेल्या पापुद्र्यासारखा वागतो. शाळेत हा पृष्ठताण आपण शिकलो. पाणनिवळी विहिरीच्या पाण्यावर पाय न बुडवता सरसरत जाते ती याच्याच जोरावर. आपल्याला हा पापुद्रा जाणवत नाही, कारण आपण फार मोठे आहोत. प्रत्येक द्रवासाठी एक लांबी असते, जिच्यापेक्षा मोठ्या गोष्टींवर गुरुत्वाकर्षणाची हुकमत चालते आणि जिच्यापेक्षा लहान गोष्टींवर पृष्ठताणाची. पाण्यासाठी ती लांबी आहे सुमारे २.७ मिलिमीटर. पुन्हा एकदा गळांची मापं आठवून बघा. चौदा नंबरची माशी या सीमेच्या वरच्या राज्यात राहते, आणि चोवीस नंबरची माशी थेट सीमेवर उभी असते!

याचा परिणाम असा. माशीची लांबी निम्मी केली तर तिचं वजन निम्मं होत नाही, आठवा हिस्सा होतं, कारण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही निम्म्या झाल्या. पाण्याच्या पापुद्र्यावर टेकणाऱ्या तिच्या कडांची लांबी मात्र निम्मीच होते. म्हणजे वजनाच्या मानानं पापुद्र्याचा आधार चौपट झाला. मोठी माशी तरंगावी म्हणून कोंबड्याच्या ताठ पिसांचे दाट वेढे द्यावे लागतात. लहान माशीला चार-सहा तंतू पुरतात. एवढंच पाहायचं, की ते तंतू भिजता कामा नयेत. पिसं ज्यापासून बनतात ते केराटिन पाण्याहून जड आहे, लोखंड तर आहेच. ही माशी हलकी असते म्हणून तरत नाही. ओली होत नाही म्हणून तरते. लहान माशीचं तरंगणं म्हणजे न भिजणं.

हाच पापुद्रा खऱ्या कीटकाच्या मात्र जिवावर उठतो. चिलटाची अळी नदीच्या तळाच्या गाळात वाढते. (मत्स्यालयाच्या दुकानात ‘ब्लडवर्म’ म्हणून लालभडक अळ्या मिळतात त्या याच कुळातल्या, त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा.) पुढे तिचा कोष वर येतो, पृष्ठभागाला खालून टेकतो, आणि तिथे अडकतो. आपल्याला न जाणवणारा पापुद्रा त्याला भिंतीसारखा असतो. ती फोडून, कात टाकून, पंख सुकवून उडेपर्यंत तो असहाय लटकत राहतो, आणि ट्राउट नेमका तिथेच उभा असतो. एका चिलटात अन्न कणभर, पण ती शेकड्यांनी येतात आणि पळत नाहीत. जागचं फारसं न हलता एकेक टिपत गेलं तर मोठ्या माशाचाही हिशेब जमतो. न्यू मेक्सिकोतल्या सॅन वॉन नदीवर १९६२ साली नवाहो धरण पूर्ण झालं. धरणाच्या खोलातून सुटणारं पाणी बारमाही थंड आणि स्वच्छ, त्यामुळे खालच्या पात्रात चिलटांचं राज्य आहे. तिथे वर्षभर बावीस, चोवीस, सव्वीस नंबरच्या माशांवर भलेमोठे ट्राउट पकडले जातात.

माशाला हे सगळं दिसतं कसं? प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, म्हणून पाण्याखालच्या डोळ्याला वरचं सगळं जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूत दाबून बसवलेलं दिसतं. दहा सेंटिमीटर खोलीवरच्या माशाच्या डोक्यावर साधारण २३ सेंटिमीटर व्यासाची गोल खिडकी असते, आणि तिच्याबाहेर नुसता आरसा, ज्यात नदीचा तळ उलटा दिसतो. खिडकीबाहेरचा कीटक माशाला दिसतच नाही. दिसतात ते त्याच्या पायांनी पापुद्र्यावर उमटवलेले खळगे, आरशावरच्या प्रकाशाच्या ठिपक्यांसारखे. कर्नल हार्डिंग यांनी १९३१ साली ट्राउटच्या या दृष्टिकोनावर सबंध पुस्तक लिहिलं. मारिनारोंच्या जॅसिडमागची युक्तीही इथलीच: खालून बघणाऱ्याला कीटकाची रुंदी दिसते, जाडी दिसत नाही. तेव्हा तुडतुड्याचं पोट बांधायचंच कशाला? एक अपारदर्शक, चपटं, लंबगोल पीस वर आडवं ठेवलं की काम झालं. या माशीला उंचीच नाही, आणि ट्राउटला तिची उणीव भासत नाही.

आता पिसांचा बाजार. पृष्ठभागावरच्या माशीला पाय म्हणून कोंबड्याच्या मानेवरचं लांबट पीस गळाभोवती गुंडाळतात. त्याला हॅकल म्हणतात. नियम असा की त्याच्या तंतूंची लांबी गळाच्या फटीच्या दीड ते दोनपट असावी. बावीस नंबरसाठी म्हणजे तीन-चार मिलिमीटर. इतके आखूड तंतू, तेही ताठ, आणि कणा इतका बारीक की वेढ्यांनी जाडी वाढू नये, असं पीस सहज मिळत नाही. चिकनच्या दुकानातलं पीस चालेल का, असं मनात येईल. ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांच्या आसपास कापली जाते. तेवढ्या वयात मानेला ही पिसं येतच नाहीत. गावठी कोंबड्याची मान त्याहून बरी, पण तिच्यातली अगदी बारीक पिसं मोजकीच आणि तोकडी असतात. ओरेगॉनमधल्या हेन्री हॉफमन यांनी फक्त पिसांसाठी कोंबड्यांची निवड करत करत, पिढ्यामागून पिढ्या, बारीक तंतूंची लांबच लांब पिसं असलेलं वाण तयार केलं. १९८९ साली ते वाण टॉम व्हाइटिंग या कुक्कुट-आनुवंशशास्त्राच्या अभ्यासकाकडे गेलं आणि कोलोरॅडोत त्याचं मोठं फार्म उभं राहिलं. आज त्या कोंबड्याच्या पाठीवरचं एकच पीस कित्येक माशांना पुरतं. २०११ मध्ये अमेरिकेत मुलींना केसांत हीच लांब पिसं माळायची लहर आली, आणि मासेमारीच्या दुकानांतली हॅकलची खोकी रिकामी झाली.

कोंबड्याचा ताठपणा नको असेल तर बदक आहे. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. चोचीनं तिचं तेल घेऊन ते सगळ्या पिसांना चोपडतं, म्हणून पाणी त्याच्या अंगावर ठरत नाही. त्या ग्रंथीभोवतीची मऊ, धुरकट पिसं शंभरेक वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगराळ भागातले लोक माशांना लावू लागले. आता जगभर ती सीडीसी या नावानं विकली जातात. गंमत म्हणजे त्यांचं तरंगणं केवळ तेलावर नसतं. प्रत्येक तंतूला बारीक, वळलेले उपतंतू असतात आणि त्यांच्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकून राहतात. म्हणून या पिसाला तरंगण्यासाठीचं जेल लावणं म्हणजे ते मारणंच. उपतंतू एकमेकांना चिकटतात आणि हवा निघून जाते. त्याला कोरडी पूडच हवी. स्लोव्हेनियाच्या मार्यान फ्राटनिक यांची एफ-फ्लाय बघा: दोऱ्याचं पोट, वर सीडीसीचा पंख, संपलं. बांधायला सर्वात सोप्या माशांपैकी ही एक, आणि माझ्या मते वीस नंबरच्या खाली तिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही.

पंखासाठी कृत्रिम धागा वापरायला काही लोक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. पॉलिप्रॉपिलिनची घनता ०.९ आहे, ते पाणी पीत नाही, आणि दहा-बारा तंतू आडवे बांधले की मरून पाण्यावर पसरलेल्या मेफ्लाय या कीटकाचे पंख हुबेहूब उतरतात. लोकरीचं सांगायचं तर जाड राठ केस लहान माशीला निरुपयोगी. मोल नावाच्या बिळातल्या प्राण्याची किंवा बीव्हरची आतली मऊ लव चालते, कारण ती बारीक असते आणि दोऱ्याला लगेच धरते. घ्यावीशी वाटेल त्याच्या निम्मी घ्यायची, मग तिचीही निम्मी.

मोरपिसावर मात्र थांबायला हवं. मिशिगनमधले जॉर्ज ग्रिफिथ, ज्यांच्या ओ साबल नदीकाठच्या घरी १९५९ साली ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही नदीरक्षणाची संस्था सुरू झाली, त्यांच्या नावाची एक माशी आहे: मोरपिसाच्या एका तंतूचं पोट आणि त्यावर करड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या हॅकलचे वेढे. पाण्यावर एकमेकांत गुंतलेला चिलटांचा पुंजका म्हणून ट्राउट ती घेतात. मोरपिसाच्या हिरव्या-सोनेरी झळाळीत हिरवं रंगद्रव्य नाहीच. आत मेलॅनिनच्या सूक्ष्म कांड्यांची जाळी आहे, आणि तिच्यातल्या अंतरांमुळे ठरावीक रंगाचा प्रकाशच परत फिरतो. चीनमधल्या शास्त्रज्ञांनी २००३ साली या जाळीची रचना उलगडून दाखवली. रंगवलेली लोकर भिजली की मंद होते. मोरपिसाचा तंतू पाण्यातही चमकतो. तो नाजूक मात्र फार, माशाच्या दातांनी तुटतो, म्हणून दोऱ्याबरोबर पिळून मग गुंडाळतात. हाच तंतू खोडरबरानं घासून त्याची लव काढली तर खाली अर्धा गडद, अर्धा फिकट कणा उरतो, आणि तो गुंडाळला की कीटकाच्या पोटावरचे पट्टे आपोआप उमटतात. एका वस्तूकडून दोन माशा! आपल्याकडे नैसर्गिकरीत्या गळालेलं मोरपीस बाळगायला मुभा आहे, त्याच्या निर्यातीला नाही.

आणि जॅसिडवरचं ते चपटं पीस? ते आपल्या सह्याद्रीतलं. राखाडी रानकोंबडा हा फक्त भारतात आढळणारा पक्षी. कोकण-घाटमाथ्याच्या रानात पहाटे त्याची बांग ऐकू येते. नराच्या मानेवरच्या पिसांचा कणा टोकाशी रुंदावून मेणासारखी, पिवळसर पांढरी, चकाकती टिकली तयार होते. जगात दुसऱ्या कुठल्या पक्ष्याचं पीस असं दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात साल्मन पकडायच्या भरजरी नकली माशांना या टिकल्या लावायची रीत पडली आणि रानकोंबड्यांची कातडी इथून जहाजानं विलायतेला जाऊ लागली. आता तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सुरक्षित आहे. परदेशात पाळीव पैदाशीची पिसं वापरतात, किंवा साध्या पिसाला कातरून लाखेचा हात देतात. तो हात दिलेलं पीस काम तितकंच करतं, कारण ट्राउटला फक्त लंबगोल सावली हवी असते. या पक्ष्याचं एक देणं मात्र कायदाही परत आणू शकणार नाही. पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून आली, पण तिच्या पिवळ्या कातडीचं जनुक राखाडी रानकोंबड्याकडून आलेलं आहे, असं २००८ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं. जगभरातल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत सह्याद्रीच्या रानाचा अंश आहे.

एका वस्तूकडून अनेक कामं घेण्याचा कळस गाठला तो इंग्लंडच्या फ्रँक सॉयर यांनी. विल्टशरच्या एव्हन नदीची राखण करणारा हा माणूस रोज पाण्यात बघत असे. पोहताना मेफ्लायची अळी पाय अंगाशी घट्ट धरते, हे त्यांनी टिपलं, आणि आपल्या माशीतून पायच काढून टाकले. मग दोराही काढला. त्याजागी केसाएवढी बारीक तांब्याची तार घेतली. तीच बांधते, तीच बुडवायला वजन देते, तीच छातीचा फुगवटा करते, आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या लालसर तंतूंमधून तीच किंचित लकाकते. संपूर्ण माशीत साहित्य दोनच. १९५८ मध्ये त्यांचं ‘निम्फ्स अँड द ट्राउट’ हे पुस्तक आलं. त्यांच्या शेजारच्याच ऑलिव्हर काइट यांनी आणखी एक पाऊल टाकलं: नुसत्या गळावर छातीच्या जागी तांब्याच्या तारेचे काही वेढे, आणि बाकी काही नाही. त्यावरही ट्राउट आले. मला हा प्रयोग फ्लाय फिशिंगच्या सगळ्या इतिहासातला सर्वात बोलका वाटतो. माप बरोबर, हालचाल बरोबर, तर शरीर माशाच्या मनात तयार होतं.

तेव्हा कुणी विचारलं की लहान माशा बांधायला सुरुवात करायचीय, काय घेऊ, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. अठरा नंबरचे, बारीक तारेचे, रुंद फटीचे गळ. ५० डेनियरचा काळा आणि ऑलिव्ह दोरा. एक छोटं पाकीट सीडीसी. केसाएवढी तांब्याची तार. आणि डोळ्यांवर चढवायचं भिंग. हॅकलची महागडी मान पहिल्या वर्षी घेऊ नका. अठरावर हात बसला की वीसकडे जा. आपल्या देशात ट्राउट काश्मीरमध्ये आहेत, हिमाचलात आहेत, निलगिरीच्या ओढ्यांतही आहेत. तिथल्या मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना घ्या, गळाचा अडकण काटा चिमट्यानं दाबून टाका आणि मासा पाण्यातच सोडवून जाऊ द्या.

आणि मासेमारीशी ज्यांना काही कर्तव्य नाही, त्यांनीही एवढं करून बघावं. वाटीत पाणी घ्या. टिश्यू कागदाच्या तुकड्यावर बारीक शिवणाची सुई ठेवून तो कागद अलगद पाण्यावर सोडा. कागद भिजून खाली जाईल आणि पाण्याच्या जवळजवळ आठपट घनतेच्या पोलादाची सुई वर राहील. सुईच्या दोन्ही बाजूंना पापुद्रा कसा वाकलाय ते उजेड तिरका धरून बघा. ट्राउट खालून तेच खळगे बघत असतो. मग भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब कडेला सोडा. सुई क्षणात तळाशी जाईल.